बॅनक्रॉफ्ट कुटुंबाने ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ का विकलं? : एक प्रकरण अभ्यास

१७ एप्रिल २००७ रोजी रुपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने डाऊ जोन्स कंपनीला एक पत्र पाठवलं. कंपनीचा शेअर तेव्हा ३६ डॉलरच्या आसपास होता आणि मर्डॉक एका शेअरमागे ६० डॉलर रोख द्यायला तयार होते. एकूण व्यवहार पाच अब्ज डॉलरचा. डाऊ जोन्स म्हणजे ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ काढणारी कंपनी, आणि ते १९०२ पासून एकाच घराकडे होतं. त्या घराने ‘विकायचं नाही’ हे पिढ्यान् पिढ्या इतक्या वेळा सांगितलं होतं की बाजारातल्या लोकांनी विचारणंही सोडून दिलं होतं. पत्र आल्यापासून साडेतीन महिन्यांत वर्तमानपत्र विकलं गेलं.

अमेरिकन माध्यमसम्राटांबद्दल बोलताना आपण बहुधा घेणाऱ्याची गोष्ट सांगतो. मर्डॉक यांची भूक, त्यांचा धीर, त्यांचे डावपेच यांवर भरपूर लिहिलं गेलंय. मला देणाऱ्यांची बाजू जास्त शिकण्यासारखी वाटते. कंपनी, खरेदीदार आणि संपादक यांची नावं सार्वजनिक नोंदीत आहेत, म्हणून ती इथे दिली आहेत. कुटुंबातल्या २००७ च्या पिढीची नावं मात्र टाळली आहेत. ती माणसं आपापलं खासगी आयुष्य जगत होती, आणि नावांवाचून या प्रकरणाचं काही अडत नाही.

पार्श्वभूमी

चार्ल्स डाऊ, एडवर्ड जोन्स आणि चार्ल्स बर्गस्ट्रेसर या तिघांनी १८८२ मध्ये कंपनी काढली आणि १८८९ मध्ये ‘जर्नल’. १९०२ मध्ये बॉस्टनचे पत्रकार क्लॅरेन्स बॅरन यांनी ती १ लाख ३० हजार डॉलरना घेतली. बॅरन यांच्या सावत्र मुलीचं लग्न ह्यू बॅनक्रॉफ्ट यांच्याशी झालं होतं. १९२८ मध्ये बॅरन गेले, १९३३ मध्ये ह्यू गेले, आणि महामंदीच्या ऐन मध्यावर कंपनी जेन बॅनक्रॉफ्ट या विधवेच्या हाती आली.

जेनबाईंनी कारभार पत्रकारांवर सोपवला आणि लाभांशाची काळजी करू नका, कंपनीच्या भल्याचं असेल ते करा, असं त्यांना सांगितलं. या शब्दाच्या बळावर संपादक बार्नी किलगोर यांनी १९४१ पासून ‘जर्नल’ नव्याने घडवलं. वॉल स्ट्रीटवरच्या दलालांसाठी असलेलं पत्र त्यांनी देशभरच्या व्यापारी, नोकरदार वाचकांचं केलं. त्यांच्या आधी ३३ हजारांच्या घरात असलेला खप १९६७ मध्ये त्यांच्या मृत्यूच्या वेळी ११ लाखांवर गेला होता. अमेरिकेतल्या वृत्तपत्रांच्या इतिहासात मालकाने पाळलेल्या संयमाला इतकं मोठं फळ आल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

त्या घराचा धर्मच ठरून गेला की आपण राखायचं, हात घालायचा नाही. ह्यू यांच्यानंतर घरातलं कुणी कंपनी चालवायला बसलं नाही. मंडळावर खुर्च्या होत्या, दर तिमाहीला लाभांश येत होता, संपादकाला घरातून फोन जात नव्हता. १९६३ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. १९८६ मध्ये शेअरचे दोन वर्ग करून कुटुंबाच्या वर्गाला एका शेअरमागे दहा मतं देण्यात आली. २००७ मध्ये मालकीचा जेमतेम पाव हिस्सा त्यांचा होता, पण मतं ६४ टक्के होती. त्यांनी मान डोलावल्याशिवाय कंपनी कुणालाही घेता येत नव्हती.

ही मतं बहुतांशी वेगवेगळ्या कौटुंबिक ट्रस्टमध्ये होती आणि त्यांतल्या बऱ्याच ट्रस्टचं काम बॉस्टनची एक वकील कंपनी पाहायची. ट्रस्ट स्थापन झाले होते ते वारसा आणि कर यांच्या सोयीसाठी. अशा विश्वस्ताचं कायद्याने पहिलं कर्तव्य म्हणजे लाभार्थ्यांच्या पैशाचं हित. वर्तमानपत्राचं हित त्या कागदांत कुठे लिहिलेलं नव्हतं. पुढे जे घडलं त्याचं मूळ मला इथे दिसतं.

अडचण

१९८० च्या दशकात डाऊ जोन्सने टेलिरेट नावाच्या कंपनीत भाग घ्यायला सुरुवात केली आणि १९९० मध्ये ती पूर्ण ताब्यात घेतली. एकूण खर्च सुमारे १.६ अब्ज डॉलर. सरकारी रोख्यांचे भाव दलालांच्या पडद्यावर दाखवणं हा टेलिरेटचा धंदा. त्याच काळात मायकेल ब्लूमबर्ग यांचं यंत्र भाव दाखवून थांबत नव्हतं. जुने आकडे, तुलना, गणितं, सगळं ते जागच्या जागी करून देत होतं. टेलिरेटच्या पडद्यावर फक्त पानं उलटत राहिली. सुधारणेवर वेळेत पैसा घातला गेला नाही आणि १९९८ मध्ये ती ५१ कोटी डॉलरना विकावी लागली. अब्ज डॉलरहून जास्त पैसा बुडाला. ब्लूमबर्ग मात्र वित्तीय बातम्यांच्या धंद्यातलं बलाढ्य नाव झालं. डाऊ जोन्सच्या शतकभराच्या नावाला जी जागा मिळायला हवी होती, ती गेली.

१९९७ मध्ये घरातल्या तरुण पिढीतल्या एका सदस्येने पहिल्यांदा उघडपणे विचारलं की हे व्यवस्थापन नीट चाललंय का. त्यावरून घरात बराच धुरळा उडाला. वडीलधाऱ्यांना तो प्रश्न परंपरेचा अपमान वाटला. माझ्या मते या प्रकरणातली ती सर्वांत महत्त्वाची संधी होती. बाहेरून कुणाचा दबाव नव्हता, कुणी पैसे घेऊन दारात उभं नव्हतं. वर्तमानपत्र राखायचं तर आपण मालक म्हणून नेमकं काय करणार, हे घरातल्या घरात ठरवता आलं असतं. काही किरकोळ बदल झाले आणि विषय मागे पडला.

मग ११ सप्टेंबर २००१. ‘जर्नल’चं कार्यालय वर्ल्ड ट्रेड सेंटरसमोर होतं. ते वापरण्याजोगं राहिलं नाही. पत्रकारांनी न्यू जर्सीत आणि आपापल्या घरांतून काम केलं आणि दुसऱ्या दिवशीचा अंक वेळेवर काढला. त्या कामाला पत्रकारितेतलं २००२ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. मात्र तंत्रज्ञान आणि वित्त कंपन्यांच्या ज्या जाहिरातींवर ‘जर्नल’ जगत होतं, त्या त्याच सुमारास आटल्या आणि पूर्वीइतक्या परत आल्या नाहीत. लाभांश मात्र शेअरमागे एक डॉलर असा देणं चालूच राहिलं. ‘लाभांशाची काळजी करू नका’ म्हणणाऱ्या जेनबाईंच्या नातवंडां-पतवंडांपैकी अनेकांचा संसार आता त्या लाभांशावर चालत होता. यात मी त्यांना दोष देत नाही. एका घराच्या चार फांद्या होतात, त्यांच्या आणखी दहा होतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला कंपनी कमी नि चेक जास्त येतो.

समोरचे पर्याय

मार्चअखेर मर्डॉक यांनी डाऊ जोन्सचे मुख्याधिकारी रिचर्ड झानिनो यांच्यासोबत न्याहारी घेतली, तिथेच साठ डॉलरची गोष्ट पहिल्यांदा निघाली. पत्राची बातमी १ मे रोजी टीव्हीवर फुटली. त्या क्षणी घरापुढे चार वाटा होत्या.

पहिली, नाही म्हणून मोकळं व्हायचं. कायद्याने शक्य होतं. पण नाही म्हटल्यावर शेअर पुन्हा ३६ ला येणार, आणि बाकीचे भागधारक विचारणार की तुमच्याकडे याहून चांगलं काय आहे. उत्तर तयार नव्हतं.

दुसरी, दुसरा खरेदीदार शोधायचा. ‘फायनान्शियल टाइम्स’ची मालक पिअर्सन आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी एकत्र बोलीचा विचार केला आणि जूनमध्ये सोडून दिला. पत्रकारांच्या संघटनेनेही आपल्या परीने धनिकांची दारं ठोठावली. साठ डॉलरच्या जवळपास कुणी आलं नाही, कारण तेव्हा वर्तमानपत्राची ती किंमत बाजाराच्या हिशेबात बसतच नव्हती. मर्डॉक यांना फक्त ‘जर्नल’ हवं होतं असंही नाही. ते वित्तवाहिनी काढत होते आणि ऑक्टोबर २००७ मध्ये ती सुरू झाली. त्या वाहिनीला विश्वासार्ह नावाचा आधार हवा होता.

तिसरी वाट ट्रस्टची, पण वेगळ्या जातीच्या ट्रस्टची. इंग्लंडमध्ये ‘गार्डियन’ १९३६ मध्ये स्कॉट ट्रस्टकडे गेलं, कारण मालक असलेल्या स्कॉट घराने वारसाहक्कच सोडून दिला. अमेरिकेतच फ्लॉरिडाच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये नेल्सन पॉइंटर यांनी आपलं वर्तमानपत्र पत्रकारिता शिकवणाऱ्या संस्थेच्या नावे केलं. पण या गोष्टी एखाद्या पिढीने शांत काळात, स्वतःचा पैसा सोडून करायच्या असतात. पाच अब्जांची बोली टेबलावर असताना तीन डझनांच्या आसपास प्रौढ वारसांनी तसं करावं, ही अपेक्षा करणं अवघड होतं.

चौथी वाट, अटी घालून मर्डॉकनाच विकायचं.

काय केलं गेलं

पहिलं उत्तर ‘नाही’ होतं. मेच्या सुरुवातीला कुटुंबाने कळवलं की एकूण मतांपैकी ५२ टक्के मतं विरोधात आहेत. हा आकडा लक्षात ठेवायला हवा. ६४ पैकी ५२, म्हणजे घर बऱ्यापैकी एक होतं.

पुढच्या चार आठवड्यांत काय झालं? वरवर काहीच नाही. मर्डॉक यांनी बोली वाढवली नाही आणि मागेही घेतली नाही. त्यांनी घराला सौजन्यपूर्ण पत्र लिहिलं, संपादकीय स्वातंत्र्यासाठी स्वतंत्र मंडळ देऊ केलं, न्यूज कॉर्पच्या संचालक मंडळावर घरातल्या एकाला जागा देऊ केली. शेअर पन्नाशीच्या वर जाऊन बसला होता. नकाराची किंमत आता प्रत्येक वारसाला रोज पेपरात छापून दिसत होती. ‘नाही’ म्हणताना घराने त्याच्यासोबत एकही योजना मांडली नव्हती. कोण नवं नेतृत्व आणणार, लाभांश कमी करायचा का, भांडवल कुठून आणायचं, यातलं काहीच बोललं गेलं नाही. अशा नकाराला रोज नव्याने उभं राहावं लागतं, आणि रोज थोडी ताकद कमी होते.

३१ मे रोजी कुटुंबाने जाहीर केलं की आपण मर्डॉकना भेटू आणि इतरही प्रस्ताव ऐकू. माझ्या वाचनात ही निर्णायक तारीख आहे. ‘विकणार नाही’ हे वाक्य मागे घेतलं, त्या दिवसापासून चर्चा फक्त अटींची आणि किमतीची उरली.

४ जूनला मॅनहॅटनमधल्या वकिलांच्या कचेरीत चार तासांहून जास्त बैठक झाली. संपादकाच्या नेमणुकीवर आणि बडतर्फीवर कुणाचा अधिकार, यावर ती फिरत राहिली. त्याच आठवड्यात ‘जर्नल’ने स्वतःच्या पहिल्या पानावर होऊ घातलेल्या मालकाने आजवर आपल्या वर्तमानपत्रांच्या बातम्यांत कसा हात घातला याचा सविस्तर वृत्तान्त छापला. ते वर्तमानपत्र काय तोलाचं होतं ते यावरून कळावं. १९८१ मध्ये लंडनचं ‘टाइम्स’ घेताना मर्डॉक यांनी स्वतंत्र संचालक आणि संपादकाच्या अधिकाराच्या लेखी हमी दिल्या होत्या. वर्षभरात संपादक हॅरल्ड इव्हान्स यांना पद सोडावं लागलं होतं. म्हणजे मागचा अनुभव घरासमोर उघड होता.

२० जूनला वाटाघाटी कुटुंबाकडून संचालक मंडळाने हाती घेतल्या. हा दुसरा वळणबिंदू. संचालक मंडळ सगळ्या भागधारकांना बांधील असतं आणि त्याच्या दृष्टीने साठ डॉलर ही नाकारण्यासारखी गोष्टच नव्हती. स्वातंत्र्याची बाजू मांडणारा घरचा आवाज टेबलावरून उठला. २८ जूनच्या सकाळी देशभरातले ‘जर्नल’चे अनेक बातमीदार निषेध म्हणून कामावर आले नाहीत. दुपारी ते परतले, कारण अंक काढायचा होता.

ठरलेला करार असा: पाच जणांची विशेष समिती. ‘जर्नल’चे मॅनेजिंग एडिटर (म्हणजे तिथले मुख्य संपादक), संपादकीय पानाचे प्रमुख आणि डाऊ जोन्सच्या वृत्तसेवेचे प्रमुख यांची नेमणूक किंवा बडतर्फी समितीच्या संमतीशिवाय करायची नाही. १७ जुलैला संचालक मंडळाने होकार दिला, २३ जुलैला बॉस्टनमध्ये सगळं घर जमलं. तिथे जेनबाईंच्या आठवणी निघाल्या, मतं मांडली गेली, डोळे ओले झाले. विरोधातली काही माणसं शेवटपर्यंत हलली नाहीत. घरातल्याच एका संचालिकेने राजीनामा दिला. काही विश्वस्त जादा किमतीसाठी अडून बसले. किंमत वाढली नाही, पण कुटुंबाच्या सल्लागारांची कोट्यवधी डॉलरची बिलं भरायचं ठरलं. अखेर कंपनीच्या एकूण मतांपैकी ३७ टक्के मतं कुटुंबाकडून होकारात आली. इतर भागधारकांची मतं धरून तेवढी पुरेशी होती. मे महिन्यातल्या ५२ विरोधातून जुलैअखेर ३७ होकारापर्यंतचा हा प्रवास तीन महिन्यांचाही नाही. १३ डिसेंबर २००७ ला व्यवहार पुरा झाला.

मराठी वाचकासाठी एक बारीकशी नोंद. अमेरिकेत हा काथ्याकूट चालू असताना, जून २००७ मध्ये, मुंबईत ‘स्टार माझा’ सुरू झालं. ‘स्टार’ हे नाव मर्डॉक यांचं. पण वृत्तवाहिनीत परदेशी भांडवल २६ टक्क्यांपर्यंतच, असा नियम तेव्हा भारतात होता, म्हणून मोठा वाटा कोलकात्याच्या आनंदबझार समूहाकडे होता. २०१२ मध्ये ते नाव गेलं आणि वाहिनी ‘एबीपी माझा’ झाली. एकाच माणसाच्या एकाच वर्षीच्या दोन कामांत एकीकडे मालकीला कायद्याचं कुंपण होतं, दुसरीकडे फक्त पाच जणांच्या समितीचं.

निकाल

समितीची परीक्षा लवकर आली. एप्रिल २००८ मध्ये, व्यवहाराला सव्वाचार महिने होत असताना, मॅनेजिंग एडिटर मार्कस ब्राउक्ली यांनी राजीनामा दिला. समितीला हे ठरून गेल्यावर कळलं, आणि तिने जाहीर नाराजी नोंदवली. करारात नेमणूक होती, बडतर्फी होती. राजीनामा नव्हता. लंडनमध्ये १९८२ ला इव्हान्स गेले तेही राजीनामा देऊनच. ब्राउक्लींच्या जागी लंडनच्या ‘टाइम्स’चे माजी संपादक रॉबर्ट थॉमसन आले, आणि या खेपेला समितीने संमती दिली.

वर्तमानपत्र बदललं. बातम्या आखूड झाल्या, राजकारण आणि रोजच्या घडामोडी पहिल्या पानावर आल्या, महिनोन्‌महिने खपून लिहिलेल्या लांब वृत्तकथांची जागा आकसली. मला ते नुकसान वाटतं, कारण धंद्याच्या आतली माणसं उलगडून दाखवणारं तसं लेखन इतरत्र फारसं नव्हतं. पण भीती होती तसा ‘जर्नल’चा कचरा झाला नाही, हेही तितकंच स्पष्टपणे लिहायला हवं. पैसे भरून वाचायचं संकेतस्थळ मोफत करण्याचा विचार मर्डॉक यांनी केला आणि सोडला. आज ‘जर्नल’चे ग्राहक ४० लाखांहून अधिक आहेत, बहुतेक डिजिटल. २०१५ मध्ये ‘जर्नल’च्या बातमीदाराने थेरानोस या रक्तचाचणी कंपनीचा बनाव उघड केला, तेव्हा मर्डॉक यांचे स्वतःचे सुमारे साडेबारा कोटी डॉलर त्या कंपनीत गुंतले होते. बातमी थांबवा, अशी गळ त्यांना घालण्यात आली. त्यांनी हस्तक्षेप केला नाही.

पैशाच्या बाजूने कुटुंब जिंकलं. २००८ मध्ये वित्तसंकट आलं, वर्तमानपत्रांचे शेअर कोसळले, आणि २००९ च्या सुरुवातीला न्यूज कॉर्पने आपल्या हिशेबात डाऊ जोन्सची किंमत २.८ अब्ज डॉलरने कमी केली. बोली नाकारली असती तर लाभार्थ्यांचं काय झालं असतं, ते यातून दिसतं. विश्वस्तांनी आपलं कर्तव्य चोख बजावलं, यात शंका नाही.

जुलै २०११ मध्ये मर्डॉक यांच्या लंडनमधल्या वर्तमानपत्राने लोकांचे फोन चोरून ऐकल्याचं प्रकरण फुटलं. मर्डॉक यांच्या विश्वासातले आणि तेव्हा डाऊ जोन्सचे प्रमुख असलेले लेस हिंटन यांनी पद सोडलं. त्याच दिवसांत घरातल्या काहींनी पत्रकारांना सांगितलं की हे आधी कळलं असतं तर आपण विरोधात उभे राहिलो असतो.

वेगळं काय करता आलं असतं

करारात राजीनाम्याची तरतूद हवी होती. संपादकाने कोणत्याही कारणाने पद सोडलं तरी समितीने त्याच्याशी आधी बोलावं आणि कारणं प्रसिद्ध करावीत, एवढं एक वाक्य. बातमीदारीच्या खर्चाला किमान पातळी बांधून घेता आली असती, कारण संपादकाला न काढताही त्याचे हात बांधता येतात. ‘टाइम्स’चा इतिहास समोर असताना वकिलांनी हे मागितलं नाही, याचं मला वाईट वाटतं. मात्र हे सगळं जुलैमधलं, आणि जुलैपर्यंत घराच्या हातात फार थोडं उरलं होतं.

मेमध्ये नकारासोबत नवा अध्यक्ष, घरातून जबाबदारी घेणारं एक माणूस आणि निम्म्या लाभांशाची तयारी असं काही जाहीर झालं असतं, तर ५२ टक्के टिकले असते का? कदाचित एक वर्ष. २००८ च्या मंदीत मात्र फार कठीण झालं असतं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चं सल्झबर्गर घराणं त्या मंदीतून तरलं ते लाभांश बंद करून आणि जबर व्याजाचं कर्ज काढून. त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या कुणी ना कुणी रोज त्या इमारतीत कामाला जात होतं. वर्तमानपत्राचं दुखणं त्यांना घरच्या जेवणाच्या टेबलावर कळत होतं. बॅनक्रॉफ्टना ते तिमाही अहवालातून कळत होतं.

म्हणून मी पुन्हा १९९७ पाशी येतो. त्या तरुण सदस्येच्या प्रश्नाला घराने बैठक बोलावून उत्तर द्यायला हवं होतं. टेलिरेटचा तोटा समोर होता, शेअर अजून बऱ्या भावात होता, वारस कमी होते आणि कुणाचंही पत्र आलेलं नव्हतं. मतं असलेले ट्रस्ट एकत्र करून त्यांच्या दस्तात ‘वर्तमानपत्राचं स्वातंत्र्य’ हा हेतू लिहून घ्यायला तेव्हा वकिलाची काही महिन्यांची मेहनत लागली असती, आणि काही नातेवाइकांना त्यांचा वाटा रोख देऊन मोकळं करायला थोडं कर्ज. जेनबाईंनी १९३३ मध्ये तोंडी दिलेला शब्द कागदावर यायला चौसष्ट वर्षं उशीर झाला होता, पण अजून वेळ गेली नव्हती.